बोटीवरची नोकरी आणि आधी भरायचे पैसे

गोव्यात बार्देश-सासष्टीतली कितीतरी घरं बोटीवरच्या पगारावर उभी राहिली. डिचोली-फोंड्याची हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली मुलंही आता क्रूझकडे बघतात. ठगांना हे पक्कं ठाऊक आहे.

ईमेल येतो, मुलाखत न होताच निवड झालेली असते. सोबतच्या पीडीएफवर नामांकित कंपनीचं बोधचिन्ह, शिक्का, सही. पहिली मागणी किरकोळ: दोन-तीन हजार नोंदणी, ‘पहिल्या पगारात परत’. ते भरले की मेडिकल, मग व्हिसा, मग विमा. आकडा दर वेळी चढतो आणि मुदत कायम ‘आज संध्याकाळपर्यंत’. चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी) जॉइनिंग म्हटलं की घरचेही घाई करतात. पुढे पुढे माणूस पैसे भरतो ते नोकरीपेक्षा आधीचे बुडू नयेत म्हणून.

इथे एक नियम माहीत असला की निम्मं काम होतं. सागरी कामगार करार, २००६ भारताला लागू आहे. त्यानुसार भरतीचं शुल्क खलाशाकडून घेता येत नाही आणि व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि वैद्यकीय प्रमाणपत्र एवढंच आपल्या खिशातून. क्रूझवरचा वेटरही यात येतो. म्हणजे एजंटाने व्हिसाचे पैसे मागितले की तिथेच थांबायचं. एजंटाकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी परवाना हवा. तो क्रमांक नौवहन महासंचालनालयाच्या (डीजी शिपिंग) संकेतस्थळावर आपण स्वतः शोधायचा, त्यांनी पाठवलेल्या लिंकवर नव्हे.

ईमेलचा पत्ता अक्षर न अक्षर वाचा. उत्तर जाणारा पत्ता वेगळा असतो का, तेही बघा. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडल्यावर एसपीएफ, डीकेआयएम या पाठवणाऱ्या डोमेनच्या तपासण्या ‘पास’ दिसल्या तरी हुरळू नका. ईमेल त्या डोमेनवरून आला एवढंच त्यातून कळतं. डोमेनच ठगाने विकत घेतलेलं असू शकतं. पैसे कंपनीऐवजी कुणाच्या वैयक्तिक बचत खात्यात मागितले, तेही दर वेळी नव्या नावाने, तर ती भाड्याने घेतलेली खाती. आधीचं गोठतं म्हणून नवं.

पैसे गेलेच असतील तर आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. भांडण, विनवण्या, ठगाला धमकी यात वेळ जातो, आणि तेवढ्यात रक्कम पुढच्या खात्यांत फुटते. यूटीआर, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक हाताशी ठेवा, बँकेला कळवा, नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. राग आला तरी ईमेल पुसू नका. पाठवणाऱ्याचा माग ईमेलच्या हेडरमध्ये, म्हणजे त्यासोबतच्या तांत्रिक नोंदीत असतो, स्क्रीनशॉटमध्ये नसतो. आधारची प्रत पाठवली असेल तर बायोमेट्रिक लॉक करा आणि आपल्या नावावर कर्ज निघालंय का, ते क्रेडिट रिपोर्टमध्ये तपासत राहा.

काही आठवड्यांनी आणखी एक फोन येऊ शकतो. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली, सोडवायला पाच हजार भरा.’ बहुतेक वेळा ती तीच टोळी, नाहीतर तिच्याकडून तुमचं नाव विकत घेतलेली दुसरी. पोलीस रक्कम परत देण्यासाठी पैसे घेत नाहीत.