विंडोजवाल्या जुन्या स्कोपमध्ये एसएसडी : काही महिन्यांच्या वापरानंतर

चार चॅनलचा, विंडोज एक्सपीवर चालणारा स्कोप, म्हणजे ऑसिलोस्कोप (विजेचे सिग्नल स्क्रीनवर आलेखासारखे दाखवणारं उपकरण). मोजमापात आजही दमदार. पण आतली अडीच इंची आयडीई (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) डिस्क सुरू होताना कुरकुरायची आणि अधूनमधून विंडोजच्या लोगोवरच अडायची. ती काढून आयडीई ते एमसॅटा (छोट्या कार्डाएवढ्या एसएसडीची जोडणी) अडॅप्टर आणि ६४ जीबीचा एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) बसवला. तेव्हापासून जवळपास रोज वापरतोय.

आधी गैरसमज काढून टाकू. एसएसडीने स्कोप ‘फास्ट’ होत नाही. सिग्नल पकडला जातो तो अ‍ॅक्विझिशन बोर्डवरच्या मेमरीत, तिथे डिस्कचा काही संबंध नाही. ट्रिगर, स्क्रीनचा अपडेट रेट, मोठ्या रेकॉर्डवरचं एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणारं गणित), सगळं होतं तसंच आहे. स्कोप लवकर सुरू होतो आणि वेव्हफॉर्मच्या फायली पटकन सेव्ह होतात, एवढंच. आवाजाचं म्हणाल तर कुरकुर गेली, पंख्याची घरघर आहेच.

खरं काम स्क्रू ड्रायव्हरचं नव्हतं, इमेजचं (डिस्कच्या हुबेहूब प्रतीचं) होतं. कोरी एक्सपी टाकून भागत नाही. अ‍ॅक्विझिशन कार्डाचे ड्रायव्हर आणि स्कोपचं सॉफ्टवेअर जुळवत बसावं लागतं. शिवाय काही मॉडेलमध्ये कॅलिब्रेशनचा डेटा आणि ऑप्शनची (जादा सुविधांची) लायसन्सही डिस्कवरच असतात. म्हणून डिस्क लिनक्सच्या मशीनला लावून डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचून काढणाऱ्या प्रोग्रामने उतरवली. मॅप फाइल (काय वाचून झालं याची नोंद) द्यायचीच, म्हणजे मध्येच डिस्क रुसली तरी काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. जे थोडे सेक्टर वाचताच आले नाहीत, ते नशिबाने पेजफाइलमध्ये (विंडोजची डिस्कवरची तात्पुरती मेमरी) निघाले.

जोडणीत एकच धोका. लॅपटॉपच्या ४४ पिनी आयडीईमध्ये ५ व्होल्टचा सप्लायही त्याच रिबनमधून येतो (पिन ४१ आणि ४२), त्यामुळे कनेक्टर उलटा बसला तर अडॅप्टर गेलाच म्हणून समजा. पिन २० ची जागा रिकामी असते, तिच्यावरून दिशा ओळखायची. अडॅप्टरवरचा जंपर (छोटी जोडपट्टी) मास्टरवर, म्हणजे मुख्य डिस्कच्या जागी, ठेवल्याशिवाय बायोसने डिस्क ओळखली नाही.

काही आठवड्यांनी सेव्ह करणं अचानक रखडू लागलं. एसएसडी गेला की काय, असं वाटलं. डिव्हाइस मॅनेजर उघडून प्रायमरी आयडीई चॅनल बघितला, तर ‘अल्ट्रा डीएमए’ या वेगवान मोडच्या जागी ‘पीआयओ’ हा संथ मोड. लागोपाठ सीआरसी एरर (डेटा वाटेत बिघडल्याच्या) आल्या की एक्सपी पायरीपायरीने मोड उतरवते आणि आपणहून परत चढवत नाही. चॅनल अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केलं, रिबन काढून नीट बसवली. तेव्हापासून अल्ट्रा डीएमए मोड २ टिकून आहे. अडॅप्टर घेतला असेल तर हे अधूनमधून बघत जा.

एक्सपीला ट्रिम (कुठली जागा रिकामी झाली हे एसएसडीला कळवणारी आज्ञा) येत नाही, म्हणून एसएसडीचा बराच भाग पार्टिशन न करता मोकळा सोडलाय. पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू होतं, म्हणजे ४ केबीच्या हिशेबात वाकडं (एसएसडीच्या कप्प्यांशी न जुळणारं). पण इथे लिहिणं इतकं कमी की मी ते हलवायच्या भानगडीत पडलो नाही. झाकण उघडलंच होतं म्हणून मदरबोर्डचा बॅटरी सेलही बदलला. नंतर अर्धा तास तापू देऊन सेल्फ-कॅल (स्कोपचं स्वतःचं कॅलिब्रेशन) चालवलं, सगळे चॅनल पास.

एसएसडीऐवजी कॉम्पॅक्टफ्लॅश (जुन्या कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड) कार्डाचा विचार करत असाल तर जपून. बरीच कार्डं स्वतःला ‘रिमूव्हेबल’ सांगतात आणि एक्सपी त्यांच्यावर पेजफाइल ठेवायला तयार होत नाही. एमसॅटात ही कटकट नाही.