खोली सरांची की टेबल कामाचं?

विद्यापीठाच्या संशोधन आवारात जागावाटपाच्या दोन पद्धती दिसतात. पहिली आपल्याकडे रुळलेली: प्राध्यापक रुजू झाले की खोली मिळते, दारावर पाटी लागते आणि निवृत्तीपर्यंत ती त्यांचीच. दुसरीत प्रयोगशाळा मोकळी आणि सामाईक. माणसं आणि काम बघून दरवर्षी टेबलं वाटली जातात.

पहिलीचा फायदा खरा आहे. लेझरची मांडणी जुळवायला आठवडे जातात, ती कुणी हलवून चालत नाही. पेशी वाढवण्याच्या खोलीतही बाहेरच्यांची ये-जा नकोच. पण मी पीएचडी करत असताना शेजारच्या खोलीत बंद पडलेलं सेंट्रिफ्यूज (नमुने वेगाने फिरवून त्यातले घटक वेगळे करणारं यंत्र) आणि रिकाम्या खोक्यांची चळत वर्षानुवर्षं पडून होती, आणि आम्ही पाच जण एकाच टेबलावर पाळ्या लावून काम करत होतो. मागायचं कुणाकडे? खोली सरांची होती.

दुसरी पद्धत काही आजची नाही. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूट या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळा वास्तुविशारद लुई कान यांनी 1960च्या दशकात मधल्या खांबांविना रचल्या, गरजेप्रमाणे मांडणी बदलता यावी म्हणून. मात्र नुसती डोकी मोजली तर नव्याने रुजू झालेल्या, अजून एकही विद्यार्थी नसलेल्या प्राध्यापिकेच्या वाट्याला काहीच येत नाही. तिच्यासाठी पहिली तीन वर्षं जागा राखूनच ठेवायला हवी.

माझा कौल दुसरीला, लेझर आणि पेशींच्या खोल्या वगळून. फक्त वाटपाचा तक्ता नोटीस बोर्डावर लागला पाहिजे: कुणाकडे किती टेबलं आणि कधीपर्यंत.