कॅमेऱ्याने विचारलं, मी ‘हो’ दाबलं

हे लिहायला मला दोन महिने लागले. पैसे गेल्याचं दुःख आठवड्यात ओसरलं, पण वीस वर्षं कॅमेरा हाताळणाऱ्या माणसाला खोटी बॅटरी ओळखता आली नाही, हे चारचौघांत सांगायला तोंड होत नव्हतं. मग कळलं की कुडाळपासून सावंतवाडीपर्यंत आम्ही निदान चार स्टुडिओवाले एकाच माणसाकडून फसलो होतो, आणि चौघेही याच कारणाने गप्प होतो.

माझा स्टुडिओ वेंगुर्ला तालुक्यात. पासपोर्ट फोटो, लग्नं, मुंजी, आणि कार्तिक लागला की गावोगावच्या जत्रा. जत्रा म्हणजे रात्रभर दशावतार, आणि दशावतार म्हणजे बॅटऱ्या. मध्यरात्री सुरू झालेला खेळ पहाटे दहीकाल्यापर्यंत चालतो. देवळाच्या आवारात प्लगपॉइंट असतो, पण त्याला आधीच माईक, लाइट आणि खाजेवाल्याचा बल्ब लटकलेला. त्यामुळे खिशात चार बॅटऱ्या हव्यातच. माझ्या दोन जुन्या झाल्या होत्या.

आमच्याकडे दर महिन्याला बाइकवर सॅक टाकून एक अल्बमवाला यायचा. अल्बमचे नमुने, फोटो पेपर, मेमरी कार्डं. चार वर्षांची ओळख. अल्बममध्ये त्याने मला कधी एक पान कमी दिलं नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण फसायला ओळखीचाच माणूस लागतो. माझ्या कॅमेऱ्याला कॅननची एलपी-ई६एन बॅटरी लागते, ७.२ व्होल्ट, १८६५ एमएएच (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). तो म्हणाला, “दादा, मुंबईच्या डीलरने जुना स्टॉक काढलाय. ओरिजिनल, सीलबंद. दोन घ्या, चार हजार चारशे.” दुकानातल्या भावापेक्षा निम्म्याहून कमी. खोकं चकचकीत, वर होलोग्राम, आत माहितीपत्रक. बिल मागितलं तर हसला. “पक्कं बिल हवं तर अठरा टक्के वाढतील.” मी साध्या कागदावरची चिठ्ठी घेतली: बॅटरी, २ नग. दुकानाचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही. अठरा टक्के वाचवले म्हणून त्या दिवशी खूश होतो.

पहिली बॅटरी घातली आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला. बॅटरीशी संपर्क नीट होत नाही, या बॅटरीवर कॅननचा लोगो आहे का? मी बॅटरी बाहेर काढून पाहिली. लोगो होता की! ‘हो’ दाबलं. काढून परत घातल्यावर प्रश्न पुन्हा आला नाही. मला वाटलं, संपर्काच्या पट्ट्यांवर खारट हवेने काहीतरी बसलं असेल, आपल्याकडे काय नवीन. आता वाटतं, त्या यंत्राला शंका आली होती आणि मी त्याच्यासमोर त्या भामट्याच्या बाजूने साक्ष दिली.

महिन्याभराने एका गावच्या जत्रेचं काम मिळालं. दशावतार मंडळाच्या मालकांना पोस्टरसाठी फोटो आणि शेवटचा अर्धा तास व्हिडिओ हवा होता. गणपती, रिद्धिसिद्धी, संकासुर, सगळं जुन्या बॅटऱ्यांवर व्यवस्थित झालं. आख्यान रंगलं तशी नवी बॅटरी घातली. शंभर टक्के. युद्धाचा प्रवेश सुरू झाला, मृदंग तापला, मी व्हिडिओ चालू केला. पडद्यावर ६२ टक्के दिसत होते आणि कॅमेरा झपकन बंद. दुसरी नवी घातली. तिने अकरा मिनिटं काढली आणि ती गेली तेव्हा अजून निम्मी भरलेली दाखवत होती. मालक पडद्याआडून ओरडले, “काय रे, फोटो काढतंस की देवाक नमस्कार करतंस?” लोक हसले. दहीकाल्याचे फोटो मी मोबाइलवर काढले. मंडळाला अर्धे पैसे परत दिले, तेही मालकांनी न मागता.

असं का होतं, ते नंतर समजून घेतलं. बॅटरी किती भरली आहे हे खऱ्या बॅटरीतली चिप कॅमेऱ्याला सांगते. खोटीतली चिप काहीही सांगते, नाहीतर नुसत्या व्होल्टेजवरून अंदाज बांधावा लागतो. लिथियम सेलचं व्होल्टेज बराच वेळ जवळपास सपाट राहतं आणि शेवटी कडेलोट झाल्यासारखं पडतं. त्यात सेल हलक्या प्रतीचा असला आणि व्हिडिओसारखा जादा करंट खेचला, की व्होल्टेज एकदम खाली बसतं आणि कॅमेरा स्वतःला बंद करून घेतो. मेनूत जाऊन पाहिलं, तर दोन्ही बॅटऱ्यांचा सिरीयल नंबर एकच! जुळ्या भावांचं आधार कार्डसुद्धा एक नसतं.

खरी भीती पहाटे वाटली. दुसरी बॅटरी बाहेर येईना. गरम झाली होती आणि फुगून कप्प्यात घट्ट बसली होती. भाच्याने स्क्रूड्रायव्हर आणला, मीही तो हातात घेतला होता. कसली बुद्धी झाली कोण जाणे, खाली ठेवला. आंबोली घाट चढून कोल्हापूरला मेकॅनिककडे गेलो. त्याने कॅमेरा खोलून ती काढली आणि मला झापलं. आतला द्रव बिघडून वायू होतो म्हणून बॅटरी फुगते. तिला टोचलं की आतला पातळ पडदा फाटतो, दोन्ही ध्रुव भिडतात आणि पेट घेते. कप्पा आणि कडी बदलायचे तीन हजार आठशे झाले. चार हजार चारशेच्या बॅटऱ्यांचा हिशेब तुम्हीच करा.

गावी आल्यावर बॅटऱ्या घेऊन शेजारच्या सोनाराकडे गेलो. त्याच्या काट्यावर माझी जुनी, खरी बॅटरी ७९ ग्रॅम भरली. तिचं वजन साधारण ८० असायला हवंच. नवी ५८. सोनाराने ती बोटांत फिरवली आणि म्हणाला, “ह्यां पोकळ आसा. तुका फसवल्यान.” त्याच्या धंद्यात वजन पहिलं बघतात. मी ते शेवटी बघितलं. होलोग्रामही त्याच्या दिव्याखाली तिरका धरून पाहिला, तो कसाही फिरवला तरी एकाच रंगाचा राहत होता.

आणखी एक गोष्ट तेव्हाच पाहायला हवी होती. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा लिथियम बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस) खूण, आयएस १६०४६ हा मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लागतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकता येतो. माझ्या बॅटरीवरचा टाकला तर भलत्याच वस्तूचा निघाला. हे काम दोन मिनिटांचं होतं, आणि अल्बमवाला चहा पीत समोर बसलेला होता.

इथे गैरसमज नको. दुसऱ्या कंपनीची बॅटरी घेणं म्हणजे फसणं नव्हे. स्वतःचं नाव छापून, पक्क्या बिलाने विकलेली एक स्वस्त बॅटरी मी तीन वर्षं वापरतोय. तिची टक्केवारी कधी वरखाली होते, फोटो थोडे कमी निघतात, कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, अपडेट करताना ती चालेल ना ही धाकधूक असते. पण ती जी आहे तीच म्हणून विकली गेली. तिच्यावर छापलेले एमएएच मात्र मी मानत नाही. कॅननच्या स्वतःच्या याच आकाराच्या बॅटऱ्या २१३० पर्यंत पोचल्या आहेत. कुणी त्याच डबीत २६५० लिहिलं, तर मी ते लग्नपत्रिकेतल्या वेळेसारखं वाचतो.

अल्बमवाल्याला फोन केला. “दादा, तुमचा चार्जर खराब असेल.” दुसऱ्यांदा केला तर नंबर बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला घेतली, पण विक्रेता कोण, पत्ता काय, बिल कुठे, या तिन्ही प्रश्नांना माझ्याकडे ती बिननावाची चिठ्ठीच होती. ग्राहक आयोगात इतक्या रकमेच्या तक्रारीला फीसुद्धा लागत नाही, पण तक्रार करायची कुणावर?

फुगलेली बॅटरी मागच्या पडवीत वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात आहे. ती कचऱ्यात टाकायची नाही, जाळायची तर नाहीच. पुढच्या फेरीला कोल्हापूरला ई-कचऱ्यात देईन. बायको रोज विचारते, हा बॉम्ब कधी जाणार?

गेल्या आठवड्यात एक नवा पोरगा आला. तेच अल्बमचे नमुने, सॅकमधून तसंच चकचकीत खोकं. मी म्हटलं, घेतो की, चल, आधी शेजारी सोनाराकडे वजन करून येऊ. त्याने घड्याळात पाहिलं, “एसटी चुकेल काका, पुढच्या खेपेला,” म्हणाला आणि पायरी उतरला. बाइकची चावी त्याच्या हातातच होती. अल्बमचा नमुना माझ्या काउंटरवर राहिलाय.