डबल इलेक्ट्रिक पंप: सात महिने वापरल्यानंतर

जानेवारीत अंगावरचं दूध काढायचा पंप घेतला तेव्हा लेक दोन महिन्यांची होती. मे महिन्यात 26 आठवड्यांची रजा संपून नागपूरच्या मिहानमधलं ऑफिस सुरू होणार होतं, तोवर हात बसावा म्हणून आधीच घेतला. दोन्ही बाजूंचा, चार्जिंगवाला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते जवळपास सगळ्याच पंपांना लागू आहे.

पहिले तीन आठवडे फार वाईट गेले. वीस मिनिटं लावून दोन्हीकडचं मिळून जेमतेम 40 मिली, आणि दुखायचं इतकं की पंप हातात घेतला तरी डोळ्यांत पाणी यायचं. आई म्हणाली, "दूध उतरूनच नाही राहिलं गं, वरचं सुरू कर." मेथीचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा, सगळं करून झालं. शेवटी पंप पिशवीत घालून स्तनपान सल्लागार ताईंकडे गेले. किती मिली निघतं हे त्यांनी विचारलंच नाही. आधी लेकीचं वजन केलं, दिवसाला किती लंगोट ओले होतात ते विचारलं. वजन नीट वाढत होतं, सहा-सात लंगोट होत होते. "मग दूध पुरतंय. बाळ जेवढं ओढतं तेवढं मशीन ओढत नाही," त्या म्हणाल्या. मग पंप लावायला सांगितला आणि बघताक्षणी म्हणाल्या, फनेल (स्तनावर बसतो तो नळीचा भाग) मोठं आहे.

डब्यात 24 आणि 28 मिमीची फनेल होती. स्तनाग्र बुडाशी मोजलं तर 16 मिमी भरलं. नळीत फक्त स्तनाग्र पुढेमागे व्हायला हवं, माझा भोवतीचा काळा भागही आत ओढला जायचा, म्हणून काढल्यावर गोल वळ उठलेला असायचा. फनेल आतून लहान करणारा 19 मिमीचा सिलिकॉन इन्सर्ट मागवला. दुखणं दोन दिवसांत थांबलं आणि आठवड्याभरात त्याच वीस मिनिटांत 80-90 मिली निघायला लागलं. तीन आठवडे मी स्वतःला दोष देत होते, याचं आजही वाईट वाटतं.

एप्रिलमध्ये दूध पुन्हा एकदम कमी झालं. तेव्हा शहाणी झाले होते, आधी पंप उघडला. बदकाच्या चोचीसारखा जो छोटा सिलिकॉनचा व्हॉल्व्ह असतो, त्याची चीर उजेडात धरली तर मिटत नव्हती, त्यामुळे ओढच लागत नव्हती. मी रोज ब्रश घालून घासायची, त्यानेच ती फाकली. आता साबणाच्या कोमट पाण्यात नुसता खळबळून धुते आणि दोन महिन्यांनी बदलते.

मध्ये एकदा उजवीकडे दूध दाटून गाठ झाली, अंग तापलं. घरी सगळे म्हणाले शेका, चोळा, पंपाने रिकामं करा. डॉक्टरांनी उलट सांगितलं: जोरात चोळायचं नाही, थंड पट्टी ठेवायची, नेहमीसारखं पाजत राहायचं, पंप जास्तीचा अजिबात नाही. जास्त काढलं की शरीर आणखी बनवतं. औषध दिलं आणि तीन दिवसांत गाठ उतरली.

मग आला आपला उन्हाळा. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण ते 25 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कूलर चालू असतानाही आमचं स्वयंपाकघर त्याच्या कितीतरी वर असतं. त्यामुळे काढलं की लगेच फ्रिज, तिथे चार दिवस. ऑफिसातून येताना खापरी ते जयप्रकाश नगर मेट्रोत कूलर बॅग, आत गोठवलेले आइस पॅक. सात महिन्यांत एकदाही दूध नासलं नाही.

फ्रीझरमधल्या पहिल्या आठ पिशव्या मात्र फेकाव्या लागल्या. वितळल्यावर साबणासारखा वास यायचा, लेक वाटी तोंडाला लावू देईना. दूध खराब नव्हतं, दुधातली चरबी फोडणाऱ्या लायपेज या एन्झाइममुळे तसं होतं. आता गोठवण्याआधी कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवते, उकळू देत नाही, लगेच थंड करते. तेव्हापासून घटाघटा पिते.

ऑफिसात सुरुवातीला स्टेशनरीच्या खोलीत, दाराला खुर्ची लावून बसायची. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन दूध-सुट्या कायद्यानेच मिळतात, हे एचआरला लेखी दिलं तेव्हा कुठे कडी असलेली खोली मिळाली. ज्यांना रुजू व्हायचंय त्यांनी हे पत्र महिनाभर आधी द्यावं.

मोटरबद्दल तक्रार नाही. एका चार्जिंगवर चार-पाच वेळा चालते, आवाज मात्र दाराबाहेर ऐकू जातो. हाच पंप पुन्हा घेईन, फक्त त्याच दिवशी 19 चा इन्सर्ट आणि व्हॉल्व्हच्या दोन जास्तीच्या जोड्याही मागवीन.