दोघांत मिळून एकच असेंब्ली: शेअर्ड फोल्डर, पीडीएम की क्लाउड कॅड?

पार्टनरसोबत कॅडमध्ये (कॉम्प्युटरवर डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) एका असेंब्लीवर, म्हणजे अनेक पार्ट जोडून केलेल्या मॉडेलवर, काम करायचं ठरलं की बहुतेकजण सगळ्या फाइली ड्राइव्ह नाहीतर ड्रॉपबॉक्सवर टाकतात आणि कामाला लागतात. चालतं, पण कुठे अडतं ते आधी समजून घ्या. सॉलिडवर्क्स किंवा इन्व्हेंटरसारख्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये पार्टची खरी डिझाइन असेंब्लीच्या फाइलमध्ये नसते, असेंब्लीत असतो पार्टच्या फाइलचा पत्ता, त्याची जागा आणि मेट्स (पार्ट एकमेकांना कसे जोडलेत त्याचे नियम). त्यामुळे एकाने फोल्डरमध्ये जाऊन थेट फाइलचं नाव बदललं की दुसऱ्याकडे असेंब्ली उघडताना तो पार्ट सापडतच नाही. आणि दोघांनी एकाचवेळी तोच पार्ट सेव्ह केला तर सिंकवाला प्रोग्रॅम दोन कॉप्या करून ठेवतो, असेंब्ली त्यातली एकच ओळखते. दोन्हीतले बदल एकत्र करायची सोय नाही, एकाचं काम पुन्हा हाताने करावं लागतं.

तरीही माझ्या मते दोघांसाठी शेअर्ड फोल्डर वाईट नाही, फक्त प्रत्येक सब-असेंब्लीचा (मोठ्या असेंब्लीतल्या छोट्या असेंब्लीचा) मालक एकच ठेवायचा, दुसऱ्याने ती फक्त बघायची. आणि हो, व्हर्जन आधी जुळवा! नव्या सॉलिडवर्क्सची फाइल जुन्यात नीट उघडत नाही, 2024 पासून मागच्या दोन व्हर्जनपर्यंत सेव्ह करता येतं पण सारखं तसं करत बसणं वैतागवाणं आहे.

पीडीएम म्हणजे डिझाइनच्या फाइली सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्यात एकाने चेक-आउट केलेली, म्हणजे बदलायला स्वतःकडे घेतलेली फाइल दुसऱ्याला बदलताच येत नाही, म्हणजे भांडणच मिटलं. जुनी रिव्हिजन परत काढता येते, हा पार्ट अजून कुठे कुठे वापरलाय तेही दिसतं आणि नाव बदललं तरी लिंक तुटत नाही. सॉलिडवर्क्सच्या प्रोफेशनल आणि प्रीमियम पॅकेजबरोबर पीडीएम स्टँडर्ड येतं, पण त्याला विंडोज सर्व्हर आणि एसक्यूएल डेटाबेस लागतो, आणि त्याचा बॅकअप वगैरे दोघांपैकी कुणाला तरी बघावा लागणार. पार्टनर दुसऱ्या गावात असेल तर व्हीपीएन (बाहेरून सर्व्हरला सुरक्षित जोडणी) पण आलं. शिवाय सगळ्यात वरची असेंब्ली एकाने चेक-आउट केली की तिच्यात मेट टाकायला दुसरा थांबून राहतो, म्हणून वरच्या लेव्हलला कमीत कमी मेट्स आणि बाकी सगळं सब-असेंब्लीत, ही सवय लावून घ्याच.

ऑनशेप हे क्लाउड कॅड पूर्ण वेगळ्या पद्धतीने चालतं. सॉलिडवर्क्स सुरू करणाऱ्या जॉन हर्षटिक यांनीच पुढे सहकाऱ्यांसोबत ही कंपनी काढली, 2019 मध्ये पीटीसी या सॉफ्टवेअर कंपनीने ती घेतली. इथे फाइलच नाही, सगळं डेटाबेसमध्ये, ब्राउझरमध्ये उघडायचं, दोघं एकाचवेळी तीच असेंब्ली बदलू शकता आणि समोरच्याचा बदल लगेच दिसतो. काही वेगळं करून बघायचं असेल तर ब्रांच (डिझाइनची वेगळी शाखा) काढा, जमलं तर मूळ डिझाइनमध्ये मर्ज करा. शून्यापासून सुरुवात करत असाल तर मी डोळे झाकून हेच सुचवेन. पण दोन गोष्टी नीट बघा: फ्री प्लॅनमधलं डॉक्युमेंट सगळ्या जगाला दिसतं, त्यामुळे पेटंट घ्यायचा विचार असेल तर फ्री प्लॅन अजिबात नको, आणि जुन्या सॉलिडवर्क्स फाइली इम्पोर्ट केल्या तर आकार येतो पण फीचर हिस्टरी (तो आकार कोणत्या पायऱ्यांनी बनला ते) येत नाही.

ऑटोडेस्कचं फ्यूजन हे कॅड पीडीएम आणि ऑनशेप या दोन्हीच्या मधलं. डेटा क्लाउडवर, पार्टनरने सेव्ह केलं की तुमच्याकडे नवीन व्हर्जन आल्याचं दिसतं, तुम्ही ते ओढून घ्यायचं. मात्र सगळे कॉम्पोनंट एकाच डिझाइनमध्ये बनवले असतील तर दोघांना वाटून काम करता येत नाही, ते एक्स्टर्नल करावे लागतात, म्हणजे वेगवेगळ्या डिझाइनमध्ये ठेवून जोडावे लागतात.

दोघांची सॉफ्टवेअरच वेगळी असली तर बहुतेकवेळा स्टेप फाइलच (जवळपास सगळ्या कॅडमध्ये उघडणारा फॉरमॅट) वापरली जाते. त्यात हिस्टरी नसते, म्हणून समोरच्याचा पार्ट रेफरन्स म्हणून ठेवायचा आणि बदल त्याच्याकडूनच करून घ्यायचा.

यातलं काहीही घेतलंत तरी पहिल्या दिवशी दोघांनी बसून एक स्केलेटन पार्ट (सगळ्या डिझाइनचा सांगाडा) बनवा: ओरिजिन (मापांचा शून्य बिंदू) कुठे, माउंटिंगची भोकं कुठे, कुणाच्या भागाला किती जागा. दोघांचे पार्ट त्यावरूनच निघू द्या, आणि तो बदलायचा हक्क फक्त एकाकडे ठेवा, बदलण्याआधी फोन करून.