कुरियरची अंडी की गावातली? मशीन लावायच्या आधी हे वाचा

अंडी उबवायचं मशीन घेतलं आता अंडी कुठून आणू, असं गेल्या दोन महिन्यांत मला तिघाचौघांनी विचारलं म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. माझं मत आधीच सांगतो, जी जात आपल्या गोव्यात सहज मिळत नाही आणि तीच पाहिजे, तरच कुरियरने अंडी मागवा. घरापुरती अंडी आणि शागुतीला गावठी कोंबडा एवढंच हवं असेल तर शेजारच्या वाड्यावरची अंडी शंभर पटीने बरी.

माझाच हिशोब सांगतो. डिचोलीला घरी मी जुलैमध्ये मध्य प्रदेशातून कडकनाथची 24 अंडी मागवली, पार्सल पाचव्या दिवशी आलं, 2 फुटलेली. 22 मशीनमध्ये लावली, सातव्या दिवशी टॉर्च मारून बघितलं तर 9 कोरी, म्हणजे आत काहीच वाढलेलं नाही, चौदाव्या दिवशी अजून 3 मेलेली, राहिली 10 आणि पिल्लं निघाली 6. अंडी आणि पार्सल मिळून 1600 रुपये गेले होते, म्हणजे एक पिल्लू जवळजवळ 267 ला पडलं. त्याच मशीनमध्ये डिसेंबरात वाड्यावरची 12 अंडी लावली, 15 रुपयाला एक, त्यातल्या 10 मधून पिल्लं निघाली. मशीन तेच, माणूस तोच, मग फरक कुठे पडला तर मुख्य म्हणजे रस्त्यात.

अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी असते, गाडीत हिसके बसले की तिचा पडदा सुटतो आणि अंडं कलतं केलं की टॉर्चमध्ये तो बुडबुडा इकडेतिकडे हलताना दिसतो. बाहेर यायच्या आधी पिल्लू पहिला श्वास त्याच पोकळीत घेतं, ती जागेवर नसेल तर एकोणीस-वीस दिवस वाढलेलं पिल्लू आतच जातं, ते बघून खरंच वाईट वाटतं. दुसरी गोष्ट उष्णता. एप्रिल-मे मध्ये बंद गाडीत अंडी 27 अंशाच्या वर राहिली की आतला जीव अर्धवट वाढायला लागतो, नीट ऊब मिळत नाही आणि मरतो. तिसरं म्हणजे दिवस, घातल्यापासून 7 दिवसांत अंडं मशीनमध्ये गेलं पाहिजे, पुढे रोज थोडं थोडं नुकसान होतच राहतं. म्हणून विकणाऱ्याला अंडी कधीची ते विचाराच, आणि शक्य असेल तर दूरच्या कुरियरपेक्षा बेळगाव-कोल्हापूरकडून रात्रीच्या बसने मागवा, चोर्ला घाटात हादरे बसतात ते बसतातच पण सकाळी अंडी हातात असतात.

पार्सल आलं की लगेच मशीनमध्ये घालू नका. टोकदार बाजू खाली करून अंड्याच्या ट्रेमध्ये घरातल्या थंड जागी 12 ते 24 तास ठेवा. पोकळी सुटलेली दिसली तर पहिले तीन-चार दिवस फिरवू नका, उभीच ठेवा, मग हळूहळू कलती करायला लागा. गावातल्या अंड्यांना हे काही लागत नाही, ती पहिल्या दिवसापासून दिवसाला निदान तीनदा फिरवायची. अठराव्या दिवशी फिरवणं दोन्हीकडे बंद.

आता गोव्याची गोष्ट, कारण बाहेरचे लोक व्हिडिओत सांगतात मशीनच्या पाण्याच्या ट्रेमध्ये पाणी भरा, आणि ते आपण इथे पावसात केलं की फसतो. पहिले 18 दिवस 45-50 टक्के ओलावा पुरतो आणि इथे जुलैत खोलीतच 80-85 टक्के असतो. अंड्यातलं पाणी उडालं पाहिजे, अठरा दिवसांत वजन 11 ते 13 टक्के घटायला हवं, नाहीतर पोकळी लहान राहते आणि पिल्लू पाण्यात गुदमरतं. माझी शेवटची 4 तशीच गेली, फोडून बघितली तर आत पाणी साचलेलं, मी पहिल्या दिवसापासून पाणी भरत होतो. आता पावसात ट्रे कोरडाच ठेवतो, शेवटचे तीन दिवस मात्र 65-70 टक्के ओलावा लागतोच. तापमान पंखावाल्या मशीनला 37.5, बिनपंख्याच्या डब्यात अंड्याच्या वरच्या कडेला साधारण 38.5, आणि मशीनच्या आकड्यावर भरवसा नको, तापाचा थर्मामीटर अंड्यांच्या बाजूला ठेवून एकदा ताडून बघा. लाईट गेली तर झाकण उघडायचं नाही, वर गोधडी टाकायची, भोकं मोकळी ठेवून, तासभर काही होत नाही पण पावसाळ्यात चार-चार तास जाते, इन्व्हर्टर नसेल तर महागाची अंडी मागवूच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरा काळ.

तिसरा पर्याय एक दिवसाची पिल्लं. वनराजा, ग्रामप्रिया असल्या जाती पाहिजे असतील तर सरळ पिल्लंच घ्या, ओल्ड गोव्याला आयसीएआरची (केंद्राची शेती संशोधन परिषद) संस्था आहे तिथे किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करा. हॅचरीत पहिल्या दिवशीच मरेक्स या कोंबड्यांच्या रोगाची लस देतात, ती दिली का तेवढं विचारून घ्या. घरी काढलेल्या पिल्लांना राणीखेत या साथीच्या रोगाची लस पाच-सात दिवसांत आपणच बघायची असते, ती चुकवू नका. आणि घरी काढली की साधारण अर्धे नर निघणार, हे कुरियरच्या महाग अंड्यांना जास्त लागतं, माझ्या 6 मध्ये माद्या दोनच.

घरात खुडूक कोंबडी असेल तर गावातली दहा-बारा अंडी तिच्याखालीच घाला, ना लाईटची चिंता ना फिरवायची, फक्त मुंगूस आणि सापापासून जागा बंद पाहिजे. कुरियरची मशीनमध्येच बरी, कारण पोकळी सुटलेली अंडी कोंबडी पहिल्या दिवसापासून उलटीपालटी करणार. मी पुढच्या वेळी दोन्ही एकाच दिवशी लावणार आहे, तिच्याखाली गावठी, मशीनमध्ये कडकनाथ, आणि एकविसाव्या दिवशी मशीनमधली पिल्लं सुकली की रात्री अंधारात हळूच तिच्या पंखाखाली सरकवायची, सकाळी ती सगळ्यांना आपलीच म्हणून फिरवते.