कयाकमध्ये 200 मीटर धरू का 1000?

भंडाऱ्याकडच्या एका पोरानं विचारलं का भाऊ, के-1 मध्ये, म्हणजे एकट्यानं वल्हवायच्या अरुंद कयाक बोटीत, 200 मीटरची शर्यत धरू का 1000 ची. तर आधी हे पाह्य का बोट दोन्हीले एकच, लांबी जास्तीत जास्त 5.20 मीटर अन् वजन कमीत कमी 12 किलो, म्हणून खर्चात काही फरक नाही.

खरा फरक दमाचा हाय. टोकियो ऑलिम्पिकात हंगेरीच्या तोत्कानं 200 मारली 35.035 सेकंदात, म्हणजे सुरुवातीचे चार-पाच फटके नीट बसले नाही का मागून भरून काढायले जागाच नाही. 1000 ले चांगल्या गड्याले साडेतीन मिनिटाच्या आसपास लागते, तिथं पहिल्या 250 मध्येच सगळा जोर लावला तर शेवटी हात दगडावानी होतेत अन् बोट एवढी अरुंद का थकल्यावर तोल सांभाळताना जीव जाते.

अजून एक, 200 ऑलिम्पिकात 2012 पासून टोकियोपर्यंतच होती, 2024 च्या पॅरिसले काढली. 1000 मात्र 1936 पासून हाय, पॅरिसात चेकियाच्या दोस्तालनं त्यातच सोनं घेतलं, 3 मिनिटं 24.07 सेकंदात.

अंगात झटका असन अन् जागतिक स्पर्धेतली 200 पुरत असन तर तेच धर. ऑलिम्पिक डोक्यात असन तर 1000, अन् वैनगंगेवर सकाळी वारा सुटायच्या आत लांब अंतराचा सराव आतापासूनच लाव.